नॅनोकणांची औषधं शरीरात गेल्यावर काय होतं? पुण्यातले नेहमीचे प्रश्न

मी फार्मसी कॉलेजात शिकवते आणि पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या केमो डे-केअरमध्ये औषधांची माहिती द्यायला बसते. तिथे रुग्ण, त्यांच्यासोबत आलेली माणसं आणि कधी नव्याने रुजू झालेल्या सिस्टर जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. डोस किती, औषध चालू ठेवायचं की थांबवायचं, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

नॅनोकण म्हणजे नेमका केवढा?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. औषधांतले बहुतेक नॅनोकण १० ते २०० नॅनोमीटरच्या दरम्यान असतात. तांबडी रक्तपेशी साधारण ७,००० ते ८,००० नॅनोमीटर रुंद असते, तिच्यापुढे हा कण अगदीच किरकोळ. पण साध्या गोळीतल्या औषधाचा रेणू जेमतेम एक नॅनोमीटरचा, त्याच्यापुढे हाच कण अवाढव्य. हा अधलामधला आकार महत्त्वाचा आहे. रेणूसारखा तो वाटेल तिथे पाझरू शकत नाही आणि आकाराने विषाणूच्या जवळपास जातो. विषाणूंना पकडायची शरीराची यंत्रणा फार जुनी आहे. औषध म्हणून दिलेला कणही तिच्याच हाती सापडतो.

माझ्या औषधात नॅनोकण आहेत हे कसं ओळखायचं?

खोक्यावर ‘नॅनो’ असं क्वचितच लिहिलेलं असतं. लायपोसोमल, पेगिलेटेड, लिपिड कॉम्प्लेक्स, अल्ब्युमिन-बाउंड किंवा ‘नॅब’ असे शब्द दिसले तर समजा. (लायपोसोम म्हणजे लिपिडच्या, म्हणजे चरबीसारख्या पदार्थाच्या, पापुद्र्याची इवलीशी पिशवी.) लोहाच्या इंजेक्शनवर यातलं काहीच नसतं, तरी आयर्न सुक्रोज आणि फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे नॅनोकणच आहेत. मध्ये लोहाचा गाभा, बाहेरून साखरेचं वेष्टण. गरोदरपणात हिमोग्लोबिन उतरलं म्हणून ससूनपासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत कितीतरी बायकांना हे इंजेक्शन मिळतं. ‘नॅनो औषध’ म्हटलं की लोकांना काहीतरी परग्रहावरचं वाटतं, आणि ते तर त्यांच्या सुनेला मागच्याच महिन्यात दिलेलं असतं.

शिरेतून दिल्यावर सगळ्यात आधी काय होतं?

रक्तात प्रथिनांची दाटी असते. कण शिरेत उतरला की ती त्याला चिकटायला लागतात. स्वारगेटला एसटीतून उतरलेल्या पाहुण्याला रिक्षावाले घेरतात, तसंच. आधी येऊन भिडतात ती संख्येने जास्त असलेली प्रथिनं, अल्ब्युमिनसारखी. मग ज्यांची पकड घट्ट ती त्यांना बाजूला सारून जागा घेतात, आणि पाहुणा कुठल्या पेठेत पोचणार हे शेवटी तीच ठरवतात.

या थराला ‘प्रोटीन कोरोना’ म्हणतात. नाव २००७ पासूनचं आहे, कोविडशी त्याचा संबंध नाही. कारखान्यात कणाचा पृष्ठभाग कितीही काटेकोर बनवला तरी पेशीची गाठ पडते ती या थराशी. थरात प्रतिपिंडं आणि ‘कॉम्प्लिमेंट’ची प्रथिनं (परक्या कणावर खूण करणारी रक्तातली यंत्रणा) जास्त असली, तर भक्षक पेशी कण गिळून टाकतात. अपोलिपोप्रोटीन ई जास्त बसलं, तर यकृताच्या पेशी त्याला कोलेस्टेरॉलचा कण समजून आत घेतात. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं पॅटिसिरान हे औषध नेमकं याच युक्तीने यकृतात पोचतं.

मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, गरोदरपण यांत रक्तातल्या प्रथिनांचं प्रमाण बदलतं, त्यामुळे हा थरही माणसागणिक थोडा वेगळा असतो. काचेच्या नळीत छान वागणारे कितीतरी कण शरीरात फसतात, त्याचं एक मोठं कारण इथे आहे.

सगळे म्हणतात ‘लिव्हरवर लोड येतो’. खरंच सगळं लिव्हरमध्ये जातं का?

सगळं नाही, पण बराच मोठा वाटा यकृत आणि प्लीहेत जातो. यकृतातल्या केशवाहिन्यांच्या भिंती सच्छिद्र असतात आणि त्यांत कुप्फर पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात. रक्तातला कचरा, जंतू, म्हाताऱ्या पेशींचे तुकडे उचलायचं काम त्यांचं. नॅनोकण त्यांच्या लेखी त्याच वर्गातला. २०० नॅनोमीटरहून मोठे आणि कडक कण प्लीहेच्या फटींत अडकतात. अगदी छोटे, साधारण साडेपाच नॅनोमीटरच्या आतले, मूत्रपिंडातून गाळून लघवीवाटे जातात. मधल्या आकाराच्या कणांना तो रस्ता बंद.

यकृतात जाणं म्हणजे यकृताला इजा होणं नव्हे. इजा होते की नाही हे कण कशाचा आहे आणि आत काय भरलं आहे यावर ठरतं. केमोआधी डॉक्टर लिव्हर फंक्शन टेस्ट सांगतात ती मुख्यतः आतल्या औषधासाठी.

आणि यकृत-प्लीहा हा दर वेळी अडथळाच असतो असंही नाही. काळा आजार या रोगाचा परजीवी या दोन अवयवांतल्या भक्षक पेशींमध्येच लपलेला असतो. तिथे लायपोसोमल अँफोटेरिसिन दिलं की शरीर स्वतःच ते औषध शत्रूच्या घरात नेऊन पोचवतं. बिहारमध्ये त्यामुळेच वजनाच्या प्रत्येक किलोला १० मिलिग्रॅम, असा एकच डोस पुरेसा ठरला. कॅन्सरच्या गाठीपर्यंत औषध न्यायचं असेल, तेव्हा हीच यंत्रणा आडवी येते. म्हणून नॅनो औषधाबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी मी दोनच गोष्टी विचारते: ते जातं कुठे आणि बाहेर पडतं कसं?

लोहाचं इंजेक्शन घेतलं, पण दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन वाढलेलं नाही. फसवलं का?

नाही. लोहाचा कण थेट रक्तपेशीत जात नाही. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशी तो गिळतात, साखरेचं वेष्टण फोडतात, लोह साठवतात आणि मग ट्रान्सफेरिन या प्रथिनाच्या हाती थोडं थोडं देतात. अस्थिमज्जा त्यातून नव्या पेशी बनवते. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. वेष्टण असतं तेही याचसाठी: सगळं लोह एकदम मोकळं झालं तर रक्तदाब पडतो. ‘जरा लवकर सोडा ना, बस चुकेल’ असा सिस्टरच्या मागे लकडा लावू नका. सुईच्या जागी आग झाली किंवा सूज आली तर लगेच सांगा. लोह शिरेबाहेर झिरपलं तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि तो फार काळ राहतो. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज वारंवार घेणाऱ्यांमध्ये रक्तातलं फॉस्फेट उतरू शकतं. हाडं दुखणं, गळून जाणं असं काही जाणवलं तर ते अशक्तपणावर ढकलून मोकळे होऊ नका.

मला शुगर आहे. तरीही केमो ग्लुकोजच्या बाटलीतून का देतात?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, कारण तो विचारणारा माणूस बाटलीवरचं लेबल वाचतो. केमोचं लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन आणि लायपोसोमल अँफोटेरिसिन ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे ग्लुकोजच्या पाण्यातच, मिसळतात. मिठाच्या पाण्यात, म्हणजे नॉर्मल सलाईनमध्ये, मिसळले तर कणांची स्थिरता बिघडते. ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होऊ शकतात किंवा औषध खाली बसतं, आणि मग ते नॅनोकण उरतच नाहीत. २५० मिलिलिटरच्या बाटलीत साखर साडेबारा ग्रॅम असते. शुगर थोडी वर जाईल, ती इन्सुलिनने सांभाळता येते.

लोहाच्या इंजेक्शनचं बरोबर उलट: ते नॉर्मल सलाईनमध्येच मिसळायचं. अल्ब्युमिनवालं पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषधही सलाईनमध्येच. प्रत्येक कणाचा पृष्ठभाग वेगळा, म्हणून त्याला चालणारं पाणीही वेगळं. नव्या सिस्टरना मी हे तोंडपाठ करायला लावते. ‘सलाईन लावलंय’ असं आपण कुठल्याही बाटलीला म्हणतो; इथे तेवढी ढिलाई चालत नाही. लायपोसोमची कुपी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायची नाही, हेही त्यातलंच. बाहेरगावाहून औषध आणणाऱ्यांनी कुपी बर्फाला थेट टेकू देऊ नये.

नॅनो केमो फक्त गाठीवरच जातं, असं एकाने सांगितलं. खरं का?

खरं नाही, आणि असं सांगणाऱ्यावर मला राग येतो.

या कल्पनेचं मूळ १९८६ सालचं आहे. जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत बनलेल्या आणि गळक्या असतात. त्यांतून मोठे रेणू बाहेर झिरपतात आणि लसिकावाहिन्या नीट नसल्याने तिथेच साचतात. उंदरांच्या गाठींत हे ठळक दिसतं. माणसाच्या गाठी सावकाश वाढलेल्या, कुठे गळक्या तर कुठे घट्ट. एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही फरक पडतो. २०१६ मध्ये टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा गाठीपर्यंत पोचणाऱ्या वाट्याचा मध्यक, म्हणजे मधला आकडा, टोचलेल्या डोसच्या ०.७ टक्के निघाला. २०२० मध्ये त्याच गटाने उंदरांतच आणखी एक गोष्ट दाखवली: कण बहुतांशी फटींतून गळत नाहीत, रक्तवाहिनीच्या पेशी ते स्वतः आत घेऊन पलीकडे सोडतात. म्हणजे चाळीस वर्षं पाठ्यपुस्तकात असलेलं चित्रच आता पुन्हा काढायला लागलं आहे.

मग द्यायचं कशाला? हृदयासाठी. साधं डॉक्सोरुबिसिन हृदयाचा स्नायू दुबळा करतं. हृदयाच्या केशवाहिन्यांची भिंत घट्ट असते, ८० ते १०० नॅनोमीटरचा लायपोसोम तिच्यातून सहज बाहेर पडत नाही. त्यामुळे हृदयापर्यंत औषध कमी पोचतं. अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचा मोठा फायदा हाच ठरला: गाठीवर नेम फार सुधारला नाही, पण दुसरीकडची नासधूस कमी झाली. माझ्या मते ही काही छोटी गोष्ट नाही, आणि ती जशी आहे तशी सांगितली तर रुग्णांना नीट कळते. २०१२ साली अमेरिकेत या औषधाचा तुटवडा झाला तेव्हा त्यांनी भारतात बनलेलं लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन मागवलं होतं, हे जाता जाता.

तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, ते याच औषधामुळे?

हो. लायपोसोम रक्तात दोन दिवसांहून जास्त फिरत राहतो. जिथे दाब आणि घर्षण जास्त, तिथल्या त्वचेत तो उतरतो. डोसनंतरचे काही दिवस कढत पाण्याने अंघोळ, घट्ट चपला, पिळे घालून कपडे धुणं टाळा. भाकरी थापणं दुसऱ्या कुणाकडे सोपवा. फोड आले तर पुढच्या डोसची वाट न पाहता कळवा. डोस पुढे ढकलला किंवा कमी केला की बहुतेकांना उतार पडतो. लघवी एखाद-दोन दिवस नारिंगी-लालसर झाली तर तो औषधाचा रंग आहे.

लायपोसोम इतके दिवस टिकतो कसा? तो तर शरीराने खायला हवा होता.

त्याच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे, म्हणजे ‘पेग’चे, केसासारखे धागे लावलेले असतात. ते पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनांना सहज चिकटू देत नाहीत. अजिबातच चिकटू देत नाहीत असं नाही, पण वेळ मिळतो. अडचण अशी की शरीर पेगविरुद्धही प्रतिपिंडं बनवू शकतं. बद्धकोष्ठाच्या पावडरींत, मलमांत, सौंदर्यप्रसाधनांत पेग असतोच, त्यामुळे काहींच्या रक्तात ती आधीपासून असतात. अशांमध्ये कण लवकर साफ होऊ शकतात, क्वचित ॲलर्जीही होते.

पहिल्याच डोसला पाच मिनिटांत छातीत दडपण आलं, चेहरा लाल झाला. याआधी हे औषध कधी घेतलंही नव्हतं.

नेहमीच्या ॲलर्जीला आधीची ओळख लागते. इथे ती लागत नाही, कारण कणाचा पृष्ठभाग रक्तातल्या कॉम्प्लिमेंट यंत्रणेला थेट चेतवतो. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनमध्ये साधारण दहातल्या एकाला असं काहीतरी होतं. म्हणून पहिला डोस अगदी हळू सुरू करतात. औषध थांबवलं, मग संथ गतीने पुन्हा चालू केलं की पुष्कळदा निभावतं आणि पुढच्या डोसला होत नाही. कंबर एकदम दुखणं हेही याचंच लक्षण असू शकतं. ‘सहन करू थोडं’ असं करू नका, बेल वाजवा.

काळ्या बुरशीच्या वेळी अँफोटेरिसिनसाठी वणवण केली. साधं मिळत होतं, डॉक्टर लायपोसोमलच मागत होते. का?

२०२१ चा मे-जून पुण्यात ज्यांनी अनुभवला त्यांना हे विसरता येणार नाही. अँफोटेरिसिन बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलला धरतं आणि त्या पटलाला भोकं पाडतं. आपल्या पेशींत त्याचं चुलत भावंड असतं, कोलेस्टेरॉल, त्यामुळे मूत्रपिंडालाही मार बसतो. लायपोसोममध्ये औषध कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडमध्ये घट्ट बांधलेलं असतं, बुरशीशी गाठ पडल्यावर सुटतं. म्हणून मूत्रपिंडाला सोसेल अशा बेताने मोठा डोस देता येतो.

साधं आणि लायपोसोमल ही एकमेकांच्या जागी चालणारी औषधं नाहीत. लायपोसोमलचा काळ्या बुरशीसाठीचा डोस किलोला ५ मिलिग्रॅमच्या आसपास. साध्याचा किलोला दीड मिलिग्रॅमच्या वर कधीच जाऊ द्यायचा नाही. लायपोसोमलचा आकडा साध्या औषधाला लावला तर जीव जाऊ शकतो. पॅक्लिटॅक्सेलचंही तेच: अल्ब्युमिनवाल्याचा डोस वेगळा, साध्याचा वेगळा. साधं पॅक्लिटॅक्सेल एरंडेलापासून केलेल्या द्रावकात विरघळवावं लागतं आणि त्या द्रावकाचीच ॲलर्जी येते, म्हणून आधी स्टिरॉइड देतात. अल्ब्युमिनवाल्याला ते द्रावक नको, अर्ध्या तासात संपतं. केमिस्टने ‘तेच आहे हो, कंपनी वेगळी’ म्हटलं तरी खोक्यावरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय घेऊ नका.

कोव्हिशील्डमध्ये नॅनोकण होते का?

हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेल्या कोव्हिशील्डमध्ये निरुपद्रवी केलेला ॲडिनोविषाणू होता. तो आकाराने शंभरेक नॅनोमीटरचा, पण त्याला कुणी नॅनो औषध म्हणत नाही. सीरमच्याच कोव्होव्हॅक्समध्ये मात्र प्रथिनाचे कण आहेत, सोबत साबणासारख्या वनस्पतिजन्य सॅपोनिनचे मॅट्रिक्स-एम कण. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या आर-२१ या हिवतापाच्या लसीतही मॅट्रिक्स-एम आहे, आणि तीही सीरम बनवते. हिंजवडीच्या जिनोव्हा कंपनीची जेमकोव्हॅक-१९ ही भारतातली पहिली एमआरएनए लस (एमआरएनए म्हणजे पेशीला प्रथिन बनवायला सांगणारा निरोप). तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली आणि ती २ ते ८ अंशांत ठेवता येते.

ज्यांना हे सगळं फारच नवं वाटतं त्यांच्यासाठी: बाळांना कित्येक वर्षं दिली जाणारी हिपॅटायटिस बी ची लस २२ नॅनोमीटरच्या कणांचीच असते.

एमआरएनए आपल्या जनुकांत शिरतं का?

नाही. एमआरएनए लिपिडच्या कणात भरून देतात. तो कण पेशीत एका पिशवीत बंद होऊन जातो. पिशवी आंबट होते तसा लिपिडवर धन प्रभार येतो आणि पिशवीची भिंत फाटते. अशाच कणांतून दिलेल्या आरएनएवरच्या एका मोजणीत जेमतेम १ ते २ टक्के भाग पिशवीतून सुटला, बाकीचा आतच नष्ट झाला. सुटलेलं एमआरएनए पेशीद्रवातच राहतं, केंद्रकात जात नाही, आणि काही दिवसांत मोडतं.

शेवटी हे कण जातात कुठे?

लिपिड चरबीसारखं पचतं. अल्ब्युमिनची अमिनो आम्लं होतात. विघटनशील पॉलिमरचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होऊन शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. लोह हिमोग्लोबिनमध्ये जातं. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, म्हणून ते मोजूनच द्यायचं. सोन्याचे कण मोडत नाहीत. प्राण्यांच्या यकृतात ते महिनोन् महिने सापडले आहेत.

मग सुवर्णप्राशन? सुवर्णभस्म म्हणजे आपलं प्राचीन नॅनो औषधच ना?

पुष्य नक्षत्राला सदाशिव पेठेत रांगा लागतात, त्यामुळे हा प्रश्न दर महिन्याला येतो. सूक्ष्मदर्शकाखाली भस्मात नॅनो आकाराचे कण दिसतात, बरेचसे एकमेकांना चिकटलेले. पण नुसत्या आकाराने काही औषध होत नाही. सगळे कण सारखे आहेत का, प्रत्येक खेप सारखी आहे का, शिसं-पारा किती, आतड्यातून किती शोषलं जातं, हे मोजावं लागतं. भारतात नॅनो औषधं तपासण्याची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०१९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने जाहीर केली आहेत. ज्याला ‘नॅनो’ म्हणून विकायचं आहे त्याने त्या कसोटीला उतरावं. परंपरा म्हणून घेणाऱ्याशी माझा वाद नाही. जाहिरातीत ‘नॅनोटेक्नॉलॉजीने सिद्ध’ छापणाऱ्याशी आहे.

मेंदूत शिरतात का?

सहजासहजी नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत फार घट्ट असते. ती ओलांडणारा कण बनवणं हा आजही संशोधनातला अवघड भाग आहे.

सनस्क्रीनमधले झिंकचे कण त्वचेतून आत जातात का?

धडधाकट त्वचेच्या वरच्या मृत थरातच राहतात. स्प्रे मात्र श्वासात जातो, म्हणून क्रीम बरं.

नदीपात्रातल्या रस्त्यावरचा धूरही नॅनोकणच ना? मग औषधाची काय भीती?

डिझेलच्या धुरात १०० नॅनोमीटरखालचे कण भरपूर असतात, हे खरं. ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात, मोजून कुणी देत नाही आणि त्यांच्यावर काय काय चिकटलं आहे याची यादीही नसते. औषधाचा डोस, आकार आणि मार्ग ठरलेला असतो. त्यामुळे तुलना करायचीच तर भीती धुराची जास्त वाटायला हवी.

त्रास झाला तर कळवायचं कुठे?

आधी डॉक्टरांना. मग औषध-सतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर. रुग्ण स्वतःही कळवू शकतो. औषधाचं पूर्ण नाव, बॅच नंबर, कशात मिसळलं होतं आणि सुरू केल्यावर किती मिनिटांनी त्रास झाला, एवढं लिहून ठेवा. रिकामं खोकं घरी जाईपर्यंत टाकू नका, बॅच नंबर त्याच्यावरच असतो.